आधी टेप, मग सुई

वजन उतरवणारं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं का, असं शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरच्या ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीवर विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येईल, आणि त्यात खिडकीमागच्या माणसाचा दोष नाही. सरकारी औषधखरेदीचा आधार असलेली राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांची यादी 2022 ची आहे. तिच्यात 384 औषधं आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आहे, ग्लिमेपिराइड आहे, त्या वर्षी टेनेलिग्लिप्टिन आणि ग्लार्जिन इन्सुलिनही आत आलं. ज्यांची सगळीकडे चर्चा आहे ती सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शनं मात्र तिच्यात नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांचं संरक्षण आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे. पण ती योजना दवाखान्यात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी बसून दर आठवड्याला टोचायची सुई तिच्या चौकटीत बसत नाही. खासगी मेडिक्लेमही इथे हात झटकतो: वजन कमी करण्याचा खर्च विमा नियामकानं ठरवून दिलेल्या वगळणुकीत येतो आणि भरपाई मिळालीच तर फक्त शस्त्रक्रियेची, तीही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 40 च्या वर असेल किंवा 35 च्या वर असून सोबत गंभीर आजार असेल तेव्हा. म्हणजे आजच्या घडीला तिन्ही दारं बंद आहेत. तरीही हा लेख लिहायचं कारण असं की, कुपी मिळणं आणि उपचार मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या औषधाच्या बाबतीत कुपीच्या आधी आणि कुपीच्या नंतर जे लागतं, त्यातला बराचसा भाग शाहूवाडी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत आजही पैसे न देता मिळतो. तो न घेता थेट मेडिकल गाठणाऱ्याचे पैसे जातात आणि कधी तब्येतही जाते.

औषध खोटं नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. आपल्याकडे वजन कमी करण्याच्या नावाखाली इतके चहा, पावडरी आणि पट्टे विकले गेले आहेत की नव्या औषधाकडे लोक एकतर डोळे मिटून धावतात, नाहीतर तेही तसलंच समजून झटकून टाकतात. सेमाग्लुटाइडची 2021 साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी 1961 लोकांवर झाली. 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, तर नुसती पाण्याची सुई घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. टिर्झेपॅटाइडच्या 2022 च्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेवर ही घट 20.9 टक्क्यांपर्यंत गेली. वजनापलीकडचा पुरावा त्याहून महत्त्वाचा आहे. आधीच हृदयविकार असलेल्या, मधुमेह नसलेल्या 17,604 जास्त वजनाच्या किंवा स्थूल व्यक्तींमध्ये सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 20 टक्क्यांनी घटलं. मधुमेहानं मूत्रपिंड खराब झालेल्यांमध्ये पुढची घसरण मंदावली. सेमाग्लुटाइड हे शरीरातल्याच एका संप्रेरकाची नक्कल करणारं औषध आहे. जेवल्यावर आतड्यातून सुटणारा जो संदेश मेंदूला पुरे म्हणून सांगतो, तोच संदेश ते आठवडाभर देत राहतं आणि पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं. त्यामुळे भूक मुळातच शमते. वर्षानुवर्षं मनाला बोल लावत राहिलेल्या माणसाला हे कळणं स्वतःतच मोठा दिलासा आहे.

पण त्याच पहिल्या चाचणीचा पुढचा भाग जाहिरातीत येत नाही. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्या लोकांनी उतरवलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत चढला. ऐंशी किलोच्या माणसाचे बारा किलो उतरले, तर औषध बंद केल्यावर त्यातले सुमारे आठ परत. बीपीची गोळी सोडली की बीपी चढतो, तसंच हे. म्हणून 'तीन महिन्यांचा कोर्स' हा शब्द जो कोणी वापरेल त्याच्यापासून सावध राहावं. हे वर्षानुवर्षांचं औषध आहे आणि त्याचा हिशेबही तसाच मांडायला हवा. मार्च 2025 मध्ये टिर्झेपॅटाइड भारतात माउंजारो या नावानं आलं तेव्हा 5 मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत 4,375 रुपये होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला 17,500. महाराष्ट्रातली रोजगार हमीची त्या वर्षीची मजुरी 312 रुपये. एका महिन्याच्या सुयांसाठी छप्पन्न दिवसांची मजुरी, आणि महिना तर तीस दिवसांचा! मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांना ते बनवण्याची वाट मोकळी झाली. पेटंट संपल्यावर किंमत उतरते हा नेहमीचा अनुभव आहे. पण दरमहा हजार-दोन हजार जरी गृहीत धरले तरी प्रश्न संपत नाही, कारण या रकमेला दरमहा जोडून येतात तपासण्या, डॉक्टरची फी आणि कोल्हापूरची खेप. घरात सुई सुरू करण्याआधी कागदावर एका महिन्याचा नव्हे, तीन वर्षांचा खर्च लिहावा. तो झेपत नसेल तर सुरू न करणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे. उसने पैसे काढून सहा महिने टोचणं आणि मग सोडणं यातून हाती फारसं काही उरत नाही.

आता मुळाशी जाऊ. सुई कुणाला लागते? भारतात ही औषधं वजनासाठी मंजूर झाली ती बीएमआय 30 किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांसाठी, किंवा 27 च्या वर असून सोबत मधुमेह, बीपी असा वजनाशी जोडलेला आजार असणाऱ्यांसाठी. पाच फूट तीन इंच, म्हणजे साधारण 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन 77 किलो झालं की बीएमआय 30 होतो; 69 किलोला 27. लग्नाच्या अल्बममध्ये बारीक दिसावं म्हणून 62 किलोच्या मुलीला हे औषध देणं कुठल्याच निकषात बसत नाही. मात्र नुसत्या वजनकाट्यावर विसंबण्यातही आपली फसगत आहे, आणि ती दाखवून दिली ती पुण्यातच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचाही बीएमआय 22.3, पण एकाच्या शरीरात चरबी 9.1 टक्के तर दुसऱ्याच्या 21.2 टक्के. दुसरे म्हणजे अर्थात आपले याज्ञिक. हातपाय काटक, पोट मात्र पुढे, अशी ठेवण आपल्याकडे घरोघरी आहे, आणि मधुमेहाचा धोका वाढतो तो त्या पोटातल्या चरबीनं. म्हणून भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा बीएमआय 25 वर धरतात आणि कमरेचं माप पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत असावं असं सांगतात. शिंप्याची टेप हे या आजारातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरलं जाणारं यंत्र आहे.

ही टेप सरकारी व्यवस्थेत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, यांच्याबरोबर कमरेचा घेरही विचारलेला असतो आणि प्रत्येक उत्तराला गुण असतात. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी व्हायला हवी, असा नियम आहे. प्रत्यक्षात हा फॉर्म पुष्कळदा उंबऱ्यावर उभ्या उभ्या, अंदाजानं भरला जातो. आशाताईंवर कामाचा बोजा आहे हे खरं. पण आपणही 'लिहा काहीतरी' म्हणतो. वाचकाला पहिली सूचना हीच: तो फॉर्म टेप लावून भरून घ्या. त्यानंतर गावाजवळच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून बीपी आणि रक्तातली साखर तपासून घ्या. काही सापडलं तर प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथून मलकापूरचं ग्रामीण रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या सगळ्या ठिकाणी केसपेपर, तपासणी आणि औषध यांना पैसे लागत नाहीत. तिथे उपाशीपोटीची साखर, मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी, लिव्हरच्या तपासण्या, कोलेस्टेरॉल यांची मागणी करा. थायरॉइडची तपासणीही विचारा, कारण वजन वाढण्यामागे कधी तेच असतं आणि त्याची गोळी रोजच्या चहापेक्षा स्वस्त पडते. वजनाबरोबर रात्रीचं मोठं घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकणं हा स्वतंत्र आजार आहे आणि निकषांत तो मोजला जातो. इथल्या डॉक्टरांना प्रकरण पुढचं वाटलं तर संदर्भचिठ्ठी घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मेडिसिन विभागात जावं. सीपीआर वैद्यकीय शिक्षण खात्याखाली, छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. तिथे फिजिशियन आहेत आणि सुई घ्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार व ज्ञान दोन्ही त्यांच्याकडे आहे. खासगी तज्ज्ञाकडे जायचं ठरलं तरी सरकारी तपासण्यांची ही फाईल घेऊनच जावं. तपासण्यांचा खर्च तिथेच वाचतो.

कुणी म्हणेल, तपासण्या करून करायचं काय, औषध तर नाहीच. याचं उत्तर आपल्याच देशातल्या एका अभ्यासात आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर केलेल्या आणि 2006 साली छापलेल्या चाचणीत, खाणं-चालणं बदलणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये 26.4 टक्क्यांनी. ही गोळी सरकारी खिडकीवर फुकट आहे. तिनं ढेरी जाणार नाही, हे खरं. पण ढेरी ज्या आजारांकडे नेते त्यांची वाट ती अडवते. ज्याला सुई परवडत नाही त्याच्यासाठी काहीच नाही, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. चालण्याचंही तेच. शेतात राबणाऱ्याला 'चाला' म्हणणं चेष्टा वाटते, पण पेरणी-कापणीचे दिवस सोडले तर बांधापर्यंत मोटारसायकल, पाण्याला मोटर आणि चहाबरोबर खारी-बटर हे आता तालुक्यात आंब्यापासून बांबवड्यापर्यंत सगळीकडे पोचलं आहे.

पेटंट संपलं, औषध स्वस्त झालं, मग चिठ्ठीची कटकट कशाला, सरळ विकत घेऊ, हा दुसरा आणि जास्त धोक्याचा आक्षेप. ही चिठ्ठीवरची औषधं आहेत आणि त्यामागे कारण आहे. मात्रा अगदी लहान सुरू करून महिन्या-महिन्यानं वाढवावी लागते. घाई केली की मळमळ, उलट्या, जुलाब किंवा कमालीचं बद्धकोष्ठ. उलट्यांनी पाणी कमी झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो. पित्ताचे खडे आणि स्वादुपिंडाची सूज हे विरळ पण गंभीर धोके आहेत. पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून पाठीत कळ गेली तर सुई थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना ही सुई सुरू केली आणि जुन्या औषधाची मात्रा कमी केली नाही, तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. ज्याच्या घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल त्यानं हे घेऊ नये. मूल हवं असणाऱ्या बाईनं सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायला हवं, आणि टिर्झेपॅटाइड घेताना एकट्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबून चालत नाही. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो. अंगमेहनतीवर घर चालणाऱ्यानं डाळ, अंडी, दूध, कडधान्य न सोडता आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच हे करावं. सुई फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायची असते, बर्फात नाही. कोल्हापुरातून वडापच्या जीपमध्ये दुपारच्या उन्हात आणलेली, घरी लाइट नसताना दोन दिवस तशीच पडलेली सुई कामाची राहिलीय की नाही हे बघून कळत नाही. खोट्या मालाचा धोकाही खरा आहे: बनावट ओझेम्पिकबद्दल (हे सेमाग्लुटाइडचंच एक ब्रँडनाव) जागतिक आरोग्य संघटनेनं जून 2024 मध्ये इशारा दिला होता. जिममधून, पार्लरमधून किंवा व्हॉट्सअॅपवरून हे घेऊ नये. मेडिकलमधून घेताना बॅच नंबर असलेलं पक्कं बिल मागावं. आणि हेही माहीत असू द्या की 1954 च्या जादुई उपचारविरोधी कायद्यानं ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे त्यात स्थूलता आहे. हमखास वजन उतरवून देण्याचं औषध विकणारा फलक मलकापूरच्या स्टँडवर दिसला तर तो कायद्याच्या विरोधात आहे.

राहिला मोठा वाद: ज्या तालुक्याच्या पश्चिम भागात अजून कुपोषित मुलं आणि अशक्त बाया आहेत, तिथे सरकारनं लठ्ठ माणसांवर पैसा का घालवावा? प्रश्न सोपा नाही आणि तो विचारणाऱ्याला निर्दयी म्हणून उडवून लावणंही बरोबर नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 18.7 टक्के बायका हाडकुळ्या आणि 24 टक्के जास्त वजनाच्या आढळल्या. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच देशात, पुष्कळदा एकाच वाडीत आहेत. याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासानं दाखवलं की गर्भात कुपोषित राहिलेलं बाळ वजनानं कमी असूनही चरबी धरून जन्मतं. पुढे मधुमेहाचा धोका त्यालाच जास्त. कुपोषण आणि पोटाचा घेर यांचं मूळ कुठेतरी एकच आहे. 'खादाडपणाचा खर्च सरकारनं का उचलावा' या वाक्यात तर मुळात आजाराची समजच नाही. तंबाखू खाऊन झालेल्या तोंडाच्या कर्करोगावर सरकारी योजनेत उपचार होतात, आणि ते व्हायलाच हवेत.

खर्च मात्र खरा अडसर आहे, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना सुई देणं हे नाही. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशाच्या सरकारी आरोग्यसेवेनंही टिर्झेपॅटाइड सगळ्यांना खुलं केलं नाही. जून 2025 पासून पहिल्या टप्प्यात बीएमआय 40 च्या वर आणि सोबत किमान चार आजार असणारे, असा निकष लावला. तीन वर्षांत मिळून सुमारे 2,20,000 लोक. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी तीच रेषा 37.5 वर आणली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखं. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर 2025 मध्ये ही औषधं आपल्या अत्यावश्यक यादीत घेतली तीही एका अरुंद गटासाठी: मधुमेह आहे, सोबत हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे आणि स्थूलताही आहे. माझ्या मते महाराष्ट्रानं सुरुवात नेमकी इथूनच करावी. या गटातल्या माणसाचं डायलिसिस आणि अँजिओप्लास्टी आपण आजही सरकारी योजनेतून करतोच. त्याच्या दोन पायऱ्या आधी औषध देणं हे उधळपट्टी नव्हे. आणि आयुष्यभराचं महाग औषध सरकारला झेपत नाही, हे म्हणणाऱ्यांनी 1 एप्रिल 2004 आठवावा. त्या दिवसापासून एचआयव्हीची औषधं मोफत सुरू झाली, तेव्हाही हेच आक्षेप होते. देशी कंपन्यांनी किंमत पाडली होती. पण नुसत्या स्वस्त गोळीनं काम झालं नसतं. नोंदणी, समुपदेशक, दरमहा हजेरी, जवळच्या रुग्णालयात गोळ्या मिळण्याची सोय, ही यंत्रणा उभी राहिली म्हणून माणसं जगली. लसी थंड ठेवणारे फ्रिज प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहेतच. कमी आहे ती नोंदीची आणि पाठपुराव्याची सवय.

म्हणूनच मागणी कुठे करायची हेही नीट समजून घ्यावं. औषध राष्ट्रीय यादीत आलं की दोन गोष्टी होतात: त्याच्या किमतीवर कमाल मर्यादा लागते आणि सरकारी खरेदीचा रस्ता सोपा होतो. हृदयातल्या स्टेंटच्या किमती फेब्रुवारी 2017 मध्ये उतरल्या त्या यादीत आल्यामुळेच. राज्यात खरेदीचं काम आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे आहे. आमदार-खासदारांना द्यायचं निवेदन 'लठ्ठपणाची इंजेक्शनं मोफत द्या' असं न लिहिता 'मधुमेहासह हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या स्थूल रुग्णांसाठी सेमाग्लुटाइड यादीत घ्या' असं लिहावं. पहिलं हसून बाजूला ठेवलं जाईल, दुसऱ्याला उत्तर द्यावं लागेल. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत एवढाच प्रश्न विचारला तरी पुरे: आपल्या गावात तीस वर्षांवरचे किती, त्यातल्या कितींची कंबर मोजली, किती जण औषधावर आहेत आणि त्यातले किती गेल्या महिन्यात आले? उद्या सुई यादीत आलीच, तर ती आधी त्यांनाच मिळेल ज्यांची नावं, मापं आणि तपासण्या कागदावर आहेत.

तेव्हा आशाताईंकडे फॉर्म भरला नसेल तर या आठवड्यात भरून घ्या आणि मलकापूरला जायचं झालं तर आधारकार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा. साखर तपासायची आहे, तेव्हा सकाळी उपाशीपोटी जा.